आधी कागद, मग डेंटिंग: जुन्या गाडीच्या पुनर्नोंदणीत या चुका टाळा

जुनी गाडी पुन्हा उभी करणाऱ्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी इंजिन, मग पत्राकाम, मग रंग, मग सीटकव्हरं आणि सगळं चकाचक झालं की आरटीओ. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. निरीक्षकाला तुमच्या क्रोमशी काही देणंघेणं नसतं. आरसी पुस्तकातला, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रातला, चेसिस नंबर, इंजिन नंबर, इंधन, रंग आणि मालकाचं नाव समोरच्या गाडीशी जुळतं का, एवढंच तो बघतो. रिस्टोरेशनमध्ये हात लागतो तो नेमका याच गोष्टींना. नंबरावर रंग चढतो, इंजिन बदलतं, नंबर कोरलेली कंपनीची पट्टी भंगारात जाते. गाडी जितकी देखणी होत जाते, तितकी ती आरसी पुस्तकातल्या गाडीपासून लांब जाते.

पुढे लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या खासगी गाड्यांबद्दल: फियाट, अँबॅसेडर, हेराल्ड, जीप आणि थोडंफार परदेशी गाड्यांबद्दल.

दार न ठरवताच आत शिरणं

क्लबच्या रॅलीत व्हिंटेज, क्लासिक असे बरेच गट असतात. आरटीओला त्यातलं काही लागू नाही. कायद्यात दोनच वाटा आहेत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते, त्यानंतर फॉर्म २५ भरून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं. ही पहिली वाट. दुसरी वाट जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटून गेलेल्या, मूळ स्वरूपात असलेल्या बिगरव्यावसायिक दुचाकी आणि मोटारी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येतात. त्यामुळे १९८५ ची पद्मिनी कितीही नटवली तरी ती व्हिंटेज नाही. तिला पहिल्याच वाटेनं जावं लागेल.

गाडी ५० च्या पुढची असेल तर मात्र घाई करू नका, आधी हिशेब मांडा. व्हिंटेजची नवी नोंदणी २०,००० रुपयांना होते, १० वर्षं चालते, त्यानंतरच्या नोंदणीला ५,००० पडतात. अर्ज फॉर्म २० वर, परिवहन पोर्टलवरून. गाडी राज्याच्या समितीसमोर जाते आणि प्रमाणपत्र फॉर्म २३ए मध्ये मिळतं. आता दुसरी बाजू. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या हलक्या गाडीच्या नूतनीकरणाला १०,००० रुपये लागतात आणि परदेशी बनावटीच्या चारचाकीला ८०,०००. म्हणजे देशी फियाटचा १० वर्षांचा खर्च दोन्ही वाटांनी साधारण सारखाच. हरित कर आणि तपासणीचं शुल्क धरलं तर नेहमीची वाट जरा महाग, एवढंच. पण व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढता येते. रविवारी सकाळी लोणावळ्याला जाऊन वडापाव खाणं या यादीत बसत नाही. माझं मत विचाराल तर चालवायची हौस असलेल्यानं देशी गाडी साध्या नूतनीकरणावरच ठेवावी. परदेशी बनावटीची गाडी असेल आणि ती वर्षातून चारदा बाहेर निघत असेल, तर व्हिंटेजला पर्याय नाही.

जुना नंबर जाईल या भीतीनं व्हिंटेजकडे पाठ फिरवणारेही भेटतात. ही भीती अनाठायी आहे. आधीच नोंदलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो. 'व्हीए' अक्षरांची नवी मालिका नव्यानं नोंद होणाऱ्यांसाठी आहे. उलट नंबर जातो तो नेहमीच्या वाटेनं परराज्यातली गाडी इथे आणली तर. तेव्हा ना-हरकत प्रमाणपत्र आणून एमएच नंबर घ्यावा लागतो आणि १९८९ पूर्वीचा तो सुबक तीन अक्षरी नंबर, ज्याच्यावर भाळून गाडी घेतली, तो इतिहासजमा होतो.

रेकॉर्ड न बघता गाडी घेणं

विक्रेता म्हणतो, "पुस्तक आहे, टेन्शन नाही." पुस्तक असणं आणि नोंद जिवंत असणं यात फार अंतर आहे. सौदा करण्याआधी एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बघा. गाडी दिसली तर मालकाचं नाव, इंधन, नोंदणीची मुदत आणि बोजा (गाडीवरच्या कर्जाची नोंद) तपासा. अनेक दशकांपूर्वी फेडलेल्या कर्जासाठी बँकेचं नाव तसंच राहिलेलं असतं. ते उतरवायला फॉर्म ३५ वर त्या बँकेची सही लागते आणि ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असली तर पत्रव्यवहार तिथून सुरू होतो.

गाडी ॲपवर दिसलीच नाही तर लगेच घाबरू नका. जुनी नोंद हाती लिहिलेल्या रजिस्टरात असेल आणि संगणकावर चढलेलीच नसेल. त्याला बॅकलॉग एन्ट्री म्हणतात आणि ती मूळ नोंदणी जिथे झाली त्याच कार्यालयात होते. पुण्यात राहता म्हणून पुण्यात रांग लावली आणि गाडी मूळची ताडदेवची निघाली, तर सकाळ वाया. त्या मूळ कार्यालयात बी रजिस्टरचा, म्हणजे तिथल्या नोंदवहीचा, उतारा मागा. लोक त्याला बी एक्स्ट्रॅक्ट म्हणतात. पुढचा सगळा डोलारा या एका कागदावर उभा राहतो.

'रेकॉर्ड सापडत नाही' हे उत्तर तोंडी स्वीकारू नका. अर्ज द्या, पोच घ्या. तरीही हालचाल नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, १० रुपयांचा. ३० दिवसांत लेखी उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे आणि पुष्कळदा रजिस्टर त्या अर्जानंतरच सापडतं.

दोन प्रकारच्या गाड्यांपासून सावध राहा. एक, दिल्लीच्या. तिथे १० वर्षांवरची डिझेल आणि १५ वर्षांवरची पेट्रोल वाहनं निर्बंधांत सापडली आणि असंख्य गाड्यांची नोंदणीच काढून टाकली गेली. स्वस्तात मिळते म्हणून घेतलेल्या गाडीला तिथून ना-हरकत निघते का, हे पैसे देण्याआधी कळलं पाहिजे. दुसरी, काळीपिवळी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये ताडदेवला नोंदली गेली आणि २० वर्षांची वयोमर्यादा संपल्यावर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तेव्हापासून अशा टॅक्सीसाठी हौशी लोक काय वाट्टेल ती किंमत मोजतात. पण टॅक्सीची नोंद परिवहन वाहन म्हणून असते, परवाना वेगळा असतो आणि नोंदणी रद्द झाली असेल तर हातात राहतो तो फक्त पत्रा. अंगणात ठेवायला हरकत नाही. रस्त्यावर आणायची असेल तर रद्द झालेल्या नोंदीवर पैसे लावू नका.

चेसिस नंबरावर लांबी (पुट्टी) भरणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि तेही चांगल्या कारागिराच्या हातून. मुंबईच्या खाऱ्या हवेत पत्रा सडतो. डेंटर सडलेला भाग कापतो, नवा जोडतो, लांबी भरतो, घासून आरशासारखा करतो. त्या पत्र्यावर ठोकलेला नंबर त्याच्या दृष्टीनं एक खड्डा असतो. सँडब्लास्टिंगनं अंक झिजतात, प्रायमरचे दोन थर बसले की उरलेसुरलेही बुजतात. तपासणीच्या दिवशी निरीक्षक कागद ठेवून पेन्सिल फिरवतो आणि कागदावर राखाडी धब्ब्याशिवाय काही उमटत नाही.

म्हणून गाडी गॅरेजात जाण्याआधीच स्वतः पेन्सिल प्रिंट घ्या. स्वच्छ कापड, थोडं रॉकेल, पातळ कागद, मऊ पेन्सिल. तीन-चार प्रती घ्या आणि फोटो काढा. एक जवळून आणि एक लांबून, म्हणजे नंबर गाडीत नेमका कुठे आहे ते कळेल. मग तो भाग मास्किंग टेपनं झाका आणि डेंटरला दाखवून सांगा की इथे ग्राइंडर लावायचा नाही. रंगाच्या वेळी तिथे एक पातळ हात पुरे. रिव्हेट मारलेली कंपनीची पट्टी काढावी लागलीच तर ती पिशवीत घालून घरी आणा, गॅरेजच्या फळीवर ठेवू नका.

पत्रा इतका सडलाय की नंबराचा तुकडाच बदलावा लागेल, अशी वेळ आली तर काम थांबवा आणि आधी आरटीओला अर्ज करा. नंबर पुन्हा पंच करायचा तो परवानगीनंच. गल्लीतल्या मिस्त्रीनं पंच घेऊन 'हुबेहूब' ठोकून दिलेला नंबर तुमचाच असला तरी फेरफार ठरतो. निरीक्षकाला संशय आला की प्रकरण पोलिसांकडे जातं आणि चोरीची गाडी नाही हे सिद्ध करायची पाळी तुमच्यावर येते.

नंबर स्वच्छ आहे, पण पुस्तकाशी जुळत नाही, असंही होतं. बहुतेकदा चूक कारकुनी असते: हस्ताक्षरातला ८ संगणकावर चढताना ३ झाला, शून्याचं ओ झालं. बी एक्स्ट्रॅक्ट, जुनं पुस्तक आणि पेन्सिल प्रिंट एकत्र जोडून दुरुस्तीचा अर्ज द्या. नूतनीकरणाचा अर्ज त्यानंतर. दोन्ही एकदम दिले तर दोन्ही अडकतात.

इंजिन, इंधन, रंग

ऐंशी-नव्वदच्या दशकात पेट्रोल परवडेना म्हणून कितीतरी जीप आणि अँबॅसेडरमध्ये डिझेल इंजिनं बसली आणि पुस्तकात पेट्रोल तसंच राहिलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार बदलाला नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता लागते आणि न विचारता इंजिन बदललं असेल तर १४ दिवसांत कळवायचं असतं. मूळ बनावटीचंच पण दुसऱ्या गाडीतलं इंजिन बसवत असाल तर त्याचं बिल आणि ते ज्या गाडीतून आलं तिचे कागद मागून घ्या. जुन्या बाजारातून उचललेलं, बिलाशिवायचं इंजिन तपासणीत फार महागात पडतं. आणि व्हिंटेजच्या वाटेनं जायचं असेल तर चेसिस, बॉडी, इंजिन यांत फेरबदल चालतच नाहीत.

रंग बदलला तर तोही पुस्तकात चढवा. जीपवाल्यांसाठी खास सूचना: लष्करी ऑलिव्ह ग्रीन खासगी गाडीला लावायला नियम १२१ प्रमाणे मनाई आहे. लष्कराच्या लिलावातली जीप घेऊन तिला पुन्हा फौजी करायचा मोह फार लोकांना होतो. तपासणीत ती तशीच परत पाठवली जाते आणि रंगाचा खर्च दोनदा होतो.

गाडी नक्की कोणाची?

आजोबांची गाडी नातवानं उभी केली, पण कागदावर मालक अजून आजोबाच आहेत, हे घरोघरी दिसतं. गाडी नावावर करायला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. आत्या परदेशात असेल तर तिच्या सहीची सोय आधीच करून ठेवा. गाडी धूळ खात पडलेली असते तोवर कोणाची हरकत नसते. ती चमकली की आठवणी जाग्या होतात.

याहून चिवट प्रकरण म्हणजे कोऱ्या फॉर्मांवर सह्या घेऊन हातोहात विकलेली गाडी. हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही पहिल्या मालकाची, मधले दोन खरेदीदार कागदावर नाहीतच आणि पहिला मालक कधीच वारलेला. मृत माणसाची जुनी सही वापरून हस्तांतर करून देतो म्हणणाऱ्या एजंटापासून चार हात लांब राहा. त्या मालकाच्या वारसांना शोधून त्यांच्याकडून रीतसर हस्तांतर घेणं वेळखाऊ असतं, पण खरी मालकी त्याच वाटेनं मिळते. एजंट ठेवायला माझा विरोध नाही. रांगा आणि टेबलं त्यांना पाठ असतात. मूळ पुस्तक मात्र त्यांच्या हातात देऊन निघून येऊ नका.

तपासणीचा दिवस

विमा आणि पीयूसी आधी लागतात. विमा कंपनी मुदत संपलेल्या नोंदीवर कुरकुर करते आणि आरटीओ विम्याशिवाय पुढे सरकत नाही. या चक्रातून सुटायला निव्वळ थर्ड पार्टी पॉलिसी मागा. पीयूसीला अशा जुन्या पेट्रोल मोटारीसाठी आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. कार्ब्युरेटर नीट लावला असेल तर हे अवघड नाही. इंजिन तापल्यावरच गाडी नळीला लावा, चोक ओढलेला असताना नको.

नोंदणी संपलेली गाडी चालवत आरटीओत नेणं हीसुद्धा चूकच. पकडली गेली तर पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक, बोलवा. नेण्याआधी हँडब्रेक, वायपर, हॉर्न, इंडिकेटर आणि मागचे दिवे चालू आहेत का बघा. इंजिनावर लाख खर्च केलेल्या गाड्या नंबरप्लेटच्या दिव्यावरून परत आलेल्या आहेत.

नकार मिळाला तर तो लेखी घ्या. कलम ५७ खाली ३० दिवसांत अपील करता येतं आणि त्यासाठी हातात आदेश असावा लागतो. तोंडी 'होणार नाही' विरुद्ध अपील होत नाही. उशीर परवडणाराही नाही, कारण नूतनीकरण रखडलं की मोटारीला दर महिन्याला ५०० रुपये चढत जातात.

नवं स्मार्ट कार्ड आलं की चेसिस नंबर, इंजिन नंबर, इंधन, रंग आणि नाव त्याच दिवशी तपासा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागते आणि तिच्या बुकिंगला चेसिस व इंजिनाचे शेवटचे पाच आकडे विचारतात. संगणकावर एक आकडा चुकलेला असेल तर बुकिंग तिथेच अडतं, तेव्हा दुरुस्ती आधी, प्लेट नंतर. बुक करताना मापही बघा. मागच्या बाजूला चौकोनी जागा असलेल्या जुन्या गाड्यांना ५०० × १२० मिलिमीटरची लांब पट्टी बसत नाही, त्यांना ३४० × २०० ची मागवावी लागते.