ऑफिसात बूड हलवायचं कसं

सकाळी तासभर जिम करतो, मग दिवसभर बसलो तर काय बिघडलं, असं म्हणणारे प्रत्येक टीममधे असतात. जिम चांगलीच आहे हो, पण उरलेला सगळा दिवस खुर्ची, कॅब आणि घरी आल्यावर सोफा असाच जाणार असेल तर तो एक तास कुठे कुठे पुरणार? लंडनमधे जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी डबलडेकर बसवाल्यांचा अभ्यास केला होता, १९५३ साली छापून आला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढउतर करणार, आणि हार्टचा त्रास कंडक्टरांना कमी निघाला. म्हणजे आपण सगळे ड्रायव्हर आहोत, मधेमधे कंडक्टर कसं व्हायचं तेवढं बघायचं.

पहिलं म्हणजे मोबाईलवर दर तासाचा अलार्म लावायच्या भानगडीत पडू नका, चार दिवसांत हात आपोआप तो बंद करायला शिकतो. त्यापेक्षा उठावंच लागेल अशी सोय करा. डेस्कवरची लिटरभराची बाटली घरी ठेवा आणि छोटा ग्लास आणा, संपला की उठा, पाणी पोटात गेलं की वॉशरूमलाही जावं लागणारच, तेही वरच्या मजल्यावरचं वापरा आणि जिन्याने जा. फोनचा चार्जर लांबच्या सॉकेटला लावा. अर्ध्या-पाऊण तासाने दोन मिनिटं उठलात तरी चालेल. ज्या कॉलवर आपण नुसतं "हो, ऐकू येतंय" म्हणायला असतो तो इअरफोन लावून पॅसेजमधे फेऱ्या मारत ऐका, कोणाला कळतंय.

आता जागेवरचा व्यायाम, एकच नीट करा. खुर्चीला चाकं असतील तर ती आधी भिंतीला टेकवा, नाहीतर मागे सरकून आपटाल. कडेला येऊन बसा, पावलं खांद्यांएवढ्या अंतरावर, हातांची छातीशी घडी. थोडं पुढे झुकून हात न टेकता उभं राहायचं, आणि बसताना धपकन नाही, मनात तीन आकडे मोजत हळूहळू. दहादा केलं की मांड्या बोलायला लागतात. गुडघे कुरकुरत असतील तर हातांचा आधार घ्या, दुखणं वाढलं तर सोडून द्या.

चहाच्या लाईनीत उभे असाल तेव्हा टाचा वर-खाली करा. पायातलं रक्त वर ढकलायचं बरंच काम पोटरीचे स्नायू करतात, ते दिवसभर गप्प बसले की संध्याकाळी पाय जड होतात आणि मोजे काढल्यावर वळ दिसतात ते त्यामुळेच.

दुपारचा डबा झाला की शतपावली. शंभरच पावलं मोजू नका, दहा-पंधरा मिनिटं चाला, ऊन असेल तर बेसमेंट पार्किंगमधे. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात त्यामुळे जेवणानंतर ती फार चढत नाही, आणि तीन वाजताची पेंगही जरा आटोक्यात राहते.

स्टँडिंग डेस्कबद्दल सगळे विचारतात. नुसतं उभं राहून बसण्यापेक्षा नावापुरत्याच जास्त कॅलरी जळतात आणि दिवसभर उभं राहिलं की कंबर, टाचा धरतात ते वेगळंच, म्हणून ऑफिसने दिलं तर आलटूनपालटून वापरा, खिशातून एवढे पैसे घालू नका असं माझं मत.

बाकी १०,००० पावलांचं टेन्शन घेऊ नका, तो आकडा १९६५ च्या सुमारास एका जपानी पेडोमीटरच्या, म्हणजे पावलं मोजायच्या यंत्राच्या, जाहिरातीतून आलाय. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगते की आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं जरा दम लागेल अशी हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, आणि त्यात तुकड्या-तुकड्याने केलेलंही धरलं जातं. घरी सूर्यनमस्कार घाला, औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, त्यांचा एवढा प्रसार केला तो काय उगीच? वर्क फ्रॉम होमवाल्यांनी तर घालाच, त्यांचा बेडरूम ते डायनिंग टेबल एवढाच प्रवास.

आणि एक, पायाला मुंग्या येऊन थांबतच नसतील किंवा एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखत असेल तर तिथे टाचा वर-खाली करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.