विटकरी रंगातली ‘मास्टर ऑफ पपेट्स’ : रंगीत तबकडी कशी पारखावी, कशी जपावी

मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हा अल्बम ३ मार्च १९८६ रोजी प्रसिद्ध झाला. निर्माते फ्लेमिंग रासमुसेन यांच्यासोबत कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत १९८५ मध्ये ध्वनिमुद्रित झालेला हा अल्बम, सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनमधील बस अपघातात गेलेल्या क्लिफ बर्टन या बास वादकाचा अखेरचा ठरला. त्याची ‘बॅटरी ब्रिक’ नावाची विटकरी रंगाच्या तबकडीवरची (व्हायनल रेकॉर्ड) आवृत्ती निघाल्यापासून अनेकांना ती संग्रहात हवी आहे. ती जरूर घ्यावी, पण रंग सर्वांत शेवटी पाहावा.

तबकडीसाठी वापरले जाणारे पीव्हीसी मुळात रंगहीन असते. काळा रंगही त्यात काजळीसारखे कार्बन मिसळूनच येतो. म्हणून ‘रंगीत म्हणजे आवाज वाईट’ हा सरसकट समज मला मान्य नाही. आवाज ठरतो तो मास्टरिंग (ध्वनिमुद्रणाला दिलेले अंतिम रूप), सुई ज्यांतून फिरते त्या खाचा कोरण्याची प्रक्रिया आणि साच्यातील दाब यांवर. चित्र छापलेल्या तबकड्यांवर मात्र खरखर सहसा जास्त असते. ऐकण्यासाठी घेत असाल तर त्या टाळाव्यात. हा अल्बम २०१७ साली रिमास्टर होऊन पुन्हा निघाला असल्याने, आपण घेत असलेल्या प्रतीवर कोणते मास्टरिंग आहे हे वेष्टनावरील चिकटपट्टी आणि मागील मजकूर वाचून पाहावे. जुनी प्रत घेताना शेवटच्या खाचेनंतरच्या मोकळ्या पट्ट्यावर कोरलेली अक्षरे डिस्कॉग्ज या तबकड्यांची सूची देणाऱ्या संकेतस्थळावरील नोंदींशी ताडून घ्यावीत.

या अल्बमची खरी अडचण त्याच्या लांबीत आहे. आठ गाणी मिळून सुमारे ५५ मिनिटे, म्हणजे एका तबकडीवर बसवल्यास प्रत्येक बाजूस जवळजवळ २७ ते २८ मिनिटे होतात. एवढे संगीत सामावण्यासाठी खाचा जवळजवळ कोराव्या लागतात आणि त्यामुळे ध्वनीची पातळी कमी ठेवावी लागते. शिवाय मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीत बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर खाच सरकते, तर लेबलाजवळ केवळ २१ सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे आतल्या बाजूस तोच ध्वनी निम्म्याहून कमी जागेत कोरलेला असतो. नेमकी तिथेच दुसऱ्या बाजूची ‘डॅमेज, इंक.’ येते, अल्बममधील अत्यंत वेगवान गाण्यांपैकी एक. झांजा आणि ‘स’कार तिथे फाटू लागले तर दोष रंगाला देण्याआधी कार्ट्रिजची (सुई बसवलेल्या भागाची) जुळणी तपासावी. सुईचा भार उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत (बहुतेक मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे हलत्या चुंबकाच्या, कार्ट्रिजसाठी दीड ते दोन ग्रॅमच्या आसपास) ठेवावा आणि सुईचा कोन प्रोट्रॅक्टरवर (कोनमापक पट्टीवर) मोजून लावावा. सूक्ष्म रेषेसारखे टोक असलेली सुई साध्या गोल टोकाच्या सुईपेक्षा अशा आतल्या खाचा कितीतरी स्वच्छ वाचते. या अल्बमसाठी तो खर्च रंगीत आवृत्तीच्या जादा किमतीपेक्षा अधिक सार्थकी लागतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पार्सल उघडताच, परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी, तबकडी फिरवून टोन-आर्म (सुई धरणारा दांडा) डोळ्यांच्या पातळीवरून न्याहाळावा. तो वरखाली झाला तर तबकडी वाकलेली आहे. डावीउजवीकडे झुलला तर मधले छिद्र केंद्रात नाही, आणि हा दोष ‘ओरायन’मधील लांबवलेल्या स्वरांत थरथरीच्या रूपाने ऐकू येतो. ‘बॅटरी’च्या आरंभीची अकूस्टिक गिटार आणि ‘ओरायन’चा हळूहळू उमलणारा प्रारंभ हे हळुवार भाग लक्षपूर्वक ऐकावेत, कारण पुढच्या गर्जनेत लपणारी खरखर तिथे उघडी पडते. साफ केल्यावर गेलेली टकटक ही धूळ होती असे समजावे. परंतु कापड फाटल्यासारखा आवाज एकाच ठिकाणी, प्रत्येक वेळी येत असेल, तर साच्यात प्लास्टिक पूर्ण भरलेले नसते आणि अशी प्रत बदलूनच घ्यावी. फिकट वा पारदर्शक तबकडीवरील ओरखडे सहज दिसत नाहीत. विजेरीचा प्रकाश तिरपा टाकून पाहावे.

साफसफाईसाठी डिस्टिल्ड पाणी व मऊ मायक्रोफायबर पुरेसे आहे. लेबल भिजू देऊ नये. कागदी आतल्या पिशवीऐवजी स्थिर वीज न धरणारी पिशवी वापरावी. बाहेरचे आवरण पॉलिप्रोपिलीनचे असावे, कारण मऊ पीव्हीसीच्या आवरणाने तबकडीवर धुरकट थर चढू शकतो. तबकड्या उभ्याच ठेवाव्यात, आणि एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत एक तासही ठेवू नयेत. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या कव्हरला बुरशी लागते. कपाट भिंतीला चिकटवू नये, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पावसाने उघडीप दिली की कव्हर सावलीत थोडा वेळ मोकळ्या हवेत काढून ठेवावे.