आई-बाबांना फामिरेसुला नेताय? आधी नाव लिहा

आई-बाबा नाशिकहून आले की पहिल्याच रविवारी त्यांना फामिरेसुला न्यायचं, हे आमचं तोक्योतल्या निशिकासाइला राहायला आल्यापासून ठरलेलं. फामिरेसु म्हणजे फॅमिली रेस्टॉरंटचं जपानी लघुरूप: सायझेरिया, गुस्तो, रॉयल होस्ट, डेनीज ही त्यातली मंडळी. गेल्या वर्षी या साध्या जेवणाचा मी विचका केला आणि बाबांचे हाल झाले. तुमच्या घरची वडीलधारी माणसं येणार असतील तर एवढी तयारी करूनच निघा.

दारातून आत शिरलात की नाव लिहा. बाकावर नंतर बसा, चपलेत गेलेला खडा नंतर काढा, आधी नाव. दाराशी एका स्टँडवर कागद असतो आणि बाजूला पेन्सिल. नाव आणि माणसं किती, एवढंच लिहायचं. काही ठिकाणी कागदाऐवजी यंत्र असतं, माणसांचा आकडा दाबला की नंबराची चिठ्ठी मिळते. हे तुम्हाला कोणी सांगत नाही, कारण इथल्या प्रत्येकाला ते लहानपणापासून माहीत असतं. आम्ही चौघं सरळ बाकावर जाऊन बसलो. सगळे शांत बसलेले, वाटलं आपली पाळी आली की बोलावतील. आमच्यामागून आलेली तीन कुटुंबं आत गेली, तेव्हाही मी म्हटलं, त्यांनी आधी सांगून ठेवलं असेल. पन्नास मिनिटं गेली. आणि घर दहा मिनिटांवर, गेल्या गेल्या जेवू, म्हणून बाबांनी निघतानाच इन्सुलिन टोचून घेतलं होतं. त्यांची साखर उतरली, कपाळावर घाम आला. चष्मा काढताना हात थरथरत होता. मी बाहेरच्या व्हेंडिंग मशीनकडे धावलो. संत्र्याच्या रसाचा कॅन त्यांच्या हातात ठरेना, शेवटी आईने आपल्या दोन्ही हातांनी धरून घोट घोट पाजला.

म्हणून इन्सुलिन घरून घेऊन निघू नका. इन्सुलिनचं पेन सोबत न्या, आणि बाहेर जेवताना नेमकं कधी घ्यायचं ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. खिशात साखरेच्या गोळ्या हव्यातच. आणि नाव लिहा.

रविवारी दुपारी रांग असणारच. १९७० साली तोक्योच्या पश्चिमेला फुचूमध्ये स्कायलार्क या फामिरेसु साखळीचं पहिलं दुकान निघालं, ते गाडी घेऊन सहकुटुंब येणाऱ्या उपनगरातल्या लोकांसाठी. आजही आजी-आजोबांपासून कडेवरच्या बाळापर्यंत सगळे एकत्र येतात आणि लवकर उठत नाहीत. जमलं तर अकराला पोहोचा.

नाव काताकाना लिपीत लिहा आणि छोटं लिहा. आपली आडनावं तिथे काम करणाऱ्या मुलांना वाचता येत नाहीत. आम्ही आता ‘आइ’ लिहितो. दोन अक्षरं, चार रेघा, कोणालाही जमतील. शिवाय आइ हे तिकडे मुलीचं नाव असतं, त्यामुळे उच्चार चुकत नाही. ‘आइ-सामा, योन्मेइ-सामा,’ म्हणजे आइ यांची चार माणसं, अशी हाक येते. दुसऱ्या खेपेला ही हाक ऐकून आई आपणहून उठून उभी राहिली. नाव लिहून फिरायला जाऊ नका, हाकेला कोणी नसलं तर पुढच्या माणसांना बोलावतात.

शाकाहाराचं तुम्हाला माहीत असेलच, तरी दोन गोष्टी. हाम्बागु म्हणजे पावातला बर्गर नव्हे, ती बहुधा गाय-डुक्कर मिश्र खिम्याची वडी असते. आणि मिसो सूप दिसायला निरुपद्रवी असलं तरी त्यातला दाशी, म्हणजे सूपाचा मूळ अर्क, सहसा सुकवलेल्या माशाचा असतो. ‘मांस नको’ म्हटल्यावर मासा आपोआप वगळला जात नाही. ‘मांस, मासे आणि त्यांचा अर्क नको’ हे जपानीत लिहून फोनमध्ये ठेवा. सायझेरियातला ३०० येनचा मिलान दोरिया (सॉस घालून भाजलेला भात) स्वस्त म्हणून मागवू नका, त्यावर मांसाचा सॉस असतो. शाकाहारी माणसाला चीजचा पिझ्झा, फोकाच्चा आणि बटाट्यावर भागवावं लागतं. आईसाठी डब्यात दोन दशम्या न्याव्यात असं वाटेल, पण बाहेरचं खाणं आत चालत नाही. तिला घरूनच थोडं खाऊ घालून न्या.

ड्रिंक बार घ्या, म्हणजे चहा, कॉफी, शीतपेयं आपणच भरून घ्यायची सोय. एकदा पैसे भरले की हवं तितकं प्या, पण जो पिणार त्या प्रत्येकाचे पैसे. एकाच्या पैशांत दोघांनी पिऊ नका. चहाच्या पिशव्या आणि गरम पाणी मिळतं. दूध म्हणून ज्या इवल्या डब्या ठेवतात त्यात बहुतेकदा क्रीमर (दूध नव्हे, तेलापासूनची मलई) असतो, चहा आपल्यासारखा होत नाही, हे आईला आधीच सांगा. टेबलावर येणारं पाणी बर्फाचं असतं. ज्यांचा घसा धरतो त्यांनी ‘ओयु’ मागावं, म्हणजे गरम पाणी.

मागणी टॅब्लेटवर किंवा फोनवर. बटण असेल तर दाबा, हाका मारू नका. गुस्तोत मांजराच्या चेहऱ्याचा रोबो जेवण घेऊन येतो, ताटल्या आपणच उचलायच्या. बिल टेबलावर मिळतं, पैसे काउंटरवर भरा. टीप नाही. रात्री दहानंतर बऱ्याच ठिकाणी जास्तीचे पैसे लागतात. निघताना छत्री आणि इन्सुलिनची पिशवी.