"सायेब, माहे पैसे काऊन अडवले?": गावच्या बँक शाखेत नव्यानं रुजू होणाऱ्यांसाठी

दिवाळीनंतर कापूस विकायला लागला की यवतमाळ-वाशीमकडच्या शाखांत हा प्रश्न रोज येतो. नवा माणूस तक्रार लिहून घेतो आणि वर पाठवतो. खरी चूक मात्र अनेकदा खातं उघडतानाच झालेली असते. घाईत 'व्यवसाय: इतर, वार्षिक उत्पन्न 50 हजार' असं टाकलेलं असतं. त्याच खात्यात एका हंगामात साडेतीन लाख आले की सिस्टीम अलर्ट देणारच.

अशा वेळी सातबारा आणि विक्रीची हिशोबपट्टी मागा. 52 क्विंटल, भाव 7,000, म्हणजे 3,64,000. हमाली-तोलाई वजा जाता जमा रक्कम जुळते का ते पाहा. सातबाऱ्यावर दोन एकर कोरडवाहू आणि पट्टी 52 क्विंटल कापसाची असेल तर थांबा. पण लगेच संशय घेऊ नका. मक्त्यानं केलेलं शेत सातबाऱ्यावर दिसत नाही, म्हणून आधी ते विचारा. उत्तर पटलं तर कारण लिहून अलर्ट बंद करा आणि प्रोफाइल त्याच दिवशी दुरुस्त करा. नाहीतर पुढच्या हंगामात तोच शेतकरी पुन्हा समोर उभा राहील.

हे सगळं कशासाठी, तेही समजून घ्या. 1989 च्या पॅरिस शिखर परिषदेत जी-7 देशांनी एफएटीएफ ही काळा पैसा पांढरा करणं (मनी लाँडरिंग) रोखण्यासाठीची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली. तिच्या 40 शिफारशी आहेत आणि भारत 2010 पासून सदस्य आहे. आपला मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा 2002 चा, लागू झाला 1 जुलै 2005 ला. त्याखाली 10 लाखांवरचे रोख व्यवहार, आणि महिनाभरात तुकड्यांनी केलेले पण एकमेकांशी जोडलेले, मिळून 10 लाखांवर जाणारे रोख व्यवहारही, पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत एफआयूला, म्हणजे केंद्र सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाला, कळवावे लागतात. संशयास्पद व्यवहाराला रकमेची मर्यादाच नाही. तालुक्याच्या गावी कॉलेजची पोरं खातं भाड्यानं देतात, तिथे रक्कम लहानच असते: परराज्यांतून दोन-दोन हजारांचे यूपीआय जमा, त्याच दिवशी एटीएममधून उचल, शिल्लक जवळजवळ शून्य.

नवे लोक इथेच सगळ्यात जास्त अडखळतात. संशयाचा अहवाल पाठवला असेल तर ग्राहकाला ते सांगणं कायद्यानं मना आहे. सहकाऱ्यांतही चर्चा नको. सायबर पोलिसांच्या पत्रावरून खातं गोठवलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे गप्प राहणं म्हणजे ग्राहकावर अन्याय. तक्रार क्रमांक, पोलीस ठाणं आणि अडवलेली रक्कम त्याला कागदावर लिहून द्या. पत्र नीट वाचा: पूर्ण खातं गोठवायला सांगितलंय की फक्त वादातल्या रकमेवर लियन, म्हणजे तेवढीच रक्कम अडवायला? किराणा दुकानदाराला कुणीतरी फसवणुकीच्या पैशातले 2,000 दिले आणि त्याचं सगळं भांडवल अडकलं, असं होतं. लियन पुरत असेल तिथे पूर्ण फ्रीज लावू नका.

बाकीच्या तक्रारी सोप्या आहेत, फक्त तोंडी ठेवू नका. एटीएममधून नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून पैसे कापले गेले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत ते परत जमा झाले पाहिजेत. त्यापुढे रोज 100 रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकानं न मागता.

प्रत्येक तक्रारीचा नंबर पासबुकच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून द्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत दाद मागता येते, आणि ते 30 दिवस याच तारखेपासून मोजले जातात. माहितीसाठी 14448 हा क्रमांकही तिथेच लिहा.