मृत्यूचा दाखला काढताना या चुका टाळा

घरात कुणी गेलं की कागदपत्रांचं काम हमखास एखाद्या पुतण्यावर येतं. खिडकीवर नाव विचारलं की तो सांगतो, 'बापू'. आधारवर ज्ञानदेव, सातबाऱ्यावर ज्ञानू आणि दाखल्यावर बापू. मग वारस नोंद अडते. बायकांच्या बाबतीत माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं. आधार कार्ड समोर ठेवूनच नमुना 2 (मृत्यू कळवायचा अर्ज) भरा. चुकलंच तर जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15 खाली दुरुस्ती होते, पण मूळ नोंद खोडत नाहीत, समासात शेरा मारतात, आणि पुराव्यांसाठी हेलपाटे तुमचेच.

स्मशानातली पावती म्हणजे दाखला नव्हे. नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, तीही मृत्यू जिथे झाला तिथे. गाव साताऱ्याकडचं आणि मृत्यू पुण्यातल्या हॉस्पिटलात, तर नोंद पुण्यात. हॉस्पिटलातला मृत्यू हॉस्पिटलने कळवायचा, घरचा कुटुंबप्रमुखाने. 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्कावर भागतं, पुढे जिल्हा निबंधकांची परवानगी लागते. वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश.

सगळ्यात मोठा घोळ कारणाच्या रकान्यात, आणि तो डॉक्टरांचा. 'हृदयक्रिया बंद पडली' असं लिहून मोकळे होतात. अहो, मेलेल्या प्रत्येकाची ती बंदच पडते! नमुना 4, म्हणजे डॉक्टरांनी द्यायचं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, त्यात (घरच्या मृत्यूला 4अ) साखळी लिहायची असते: वरच्या ओळीत सेप्टिसीमिया (रक्तात भिनलेला जंतुसंसर्ग), तो कशाने, तर पायाचं गँगरीन, तेही कशाने, तर मधुमेह. आकडेवारीत धरतात ते हे शेवटचं, मूळ कारण. रक्तदाबासारखं हातभार लावणारं दुखणं भाग दोनमध्ये. शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी हे प्रमाणपत्र फी न घेता द्यायचं, असं कायदाच सांगतो.

दाखल्यावर कारण छापलेलं नसतं. कलम 17 नुसार ते उघड करत नाहीत, तेव्हा निबंधकांशी वाद घालू नका. विमा कंपनी कारण मागते तेव्हा नमुना 4 ची प्रत कामी येते. कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीनंतर ती जवळच्या नातेवाइकाला द्यायचीच आहे, मागून घ्या.

अपघात, आत्महत्या किंवा संशय असेल तर ओळखीच्या डॉक्टरला 'नैसर्गिक' लिहायची गळ घालू नका. तिथे पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन. व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवला तर कारण उशिरा ठरतं, पण नोंद त्यासाठी थांबवायची गरज नाही.