मिनार पाहायचा कसा? कुतुबमिनारपासून सुरुवात

मिनारासमोर गेल्या गेल्या मान वर करू नका. आधी मशीद कुठे आहे ते बघा. अजान दूरवर ऐकू जावी ही मिनाराची मूळ सोय. पण वस्ती लांबून ओळखू यावी, सत्ता नजरेत भरावी, हेही त्याचंच काम. कुव्वत-उल-इस्लाम मशिदीलगतच्या 72.5 मीटर उंच कुतुबमिनारात हे दुसरं काम वरचढ ठरलेलं दिसतं.

आता पायथ्यापासून वर चला. तळाचा व्यास 14.32 मीटर, माथ्याचा 2.75. वर निमुळतं होत गेल्यामुळे वजन खाली राहतं. पहिल्या मजल्याच्या उभ्या धारा निरखा: एक गोल, एक टोकदार. दुसऱ्यावर फक्त गोल, तिसऱ्यावर फक्त टोकदार. ऊन तिरपं असताना जा. डोक्यावरच्या उन्हात हा फरक पुसला जातो.

सज्जांवर सर्वांत जास्त वेळ घालवा. भिंतीबाहेर आलेला दगडी सज्जा नुसता लटकत नाही. त्याच्याखाली मधाच्या पोळ्यासारखे कोनाड्यांचे थर, म्हणजे मुकर्नस, एकापुढे एक सरकत वजन भिंतीत उतरवतात. नक्षी आणि आधार इथे एकच आहेत. दुर्बीण असेल तर ती इथेच वापरा.

चौथ्या मजल्यावर दगड बदलतो, लाल दगडासोबत पांढरा संगमरवर येतो. 1368 मध्ये वीज पडून वरचा भाग ढासळला, तेव्हा फिरोजशाह तुघलकाने तिथे दोन मजले चढवले. उंच मिनाराला वीज आणि भूकंप यांचा धोका सर्वांत मोठा, आणि घाव बहुतेक माथ्यावर बसतो. 1803 च्या भूकंपात माथ्यावरची जुनी छत्री, म्हणजे खांबांवरची घुमटी, गेली. नंतर ब्रिटिश लष्करी अभियंते रॉबर्ट स्मिथ यांनी बसवलेली छत्री विजोड ठरून 1848 मध्ये उतरवली गेली. ती आवारातल्या हिरवळीवर आहे, जरूर बघा.

आत 379 पायऱ्यांचा गोल जिना आहे. 1981 मध्ये तिथे दिवे जाऊन चेंगराचेंगरी झाली आणि 45 जणांचा जीव गेला. तेव्हापासून वर जाता येत नाही.

उंची मात्र खालूनच मोजता येते. एक मीटरची काठी सपाट जागी उभी धरा, तिची सावली मोजा. लगेच तळाच्या कडेपासून मिनाराच्या सावलीच्या टोकापर्यंतचं अंतर घ्या आणि त्यात 5.8 मीटर मिळवा. हे मिळवायला विसरलात तर उंची हमखास कमी येते, कारण माथा तळाच्या कडेवर नसून मध्यावर आहे. बेरजेला काठीच्या सावलीने भागा. काठीची सावली 1 मीटर असेल आणि मिनाराची 66.7, तर उत्तर 72.5. सावलीचं टोक मीटरभर पुसट असतं, तेव्हा तेवढा फरक धरून चाला.

दौलताबादच्या पंधराव्या शतकातल्या बहमनी चाँद मिनारालाही हीच पद्धत लावा, फक्त 5.8 ऐवजी तिथल्या तळाच्या आणि माथ्याच्या व्यासांतला निम्मा फरक घ्या.