प्रीमियर पद्मिनीला हलका ट्यूब बंपर करताय? आधी ब्रॅकेटचं बघा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाडी लावून ट्यूब बंपर, म्हणजे पाईप वाकवून केलेला बंपर पायजे म्हटलं की फॅब्रिकेटरचा पहिला प्रश्न येतो, पाईप किती जाड घालू? जाडीच्या मागं लागू नका भावांनो, पाईपला ताठपणा येतो तो मुख्यतः बाहेरच्या व्यासानं. ३८ मिमी व्यास आणि १.६ मिमी जाडीचा, म्हणजे १६ गेजचा ईआरडब्ल्यू (पत्रा गोल करून शिवण वेल्ड केलेला) पाईप मीटरला साधारण १.४५ किलो भरतो. त्याऐवजी २५ मिमीचा ३ मिमी जाड पाईप घेतला तर मीटरला १.६५ किलो, म्हणजे वजन जास्त आणि ताठपणा मात्र निम्म्याहून कमी. पाण्याचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पाईप तर अजिबात नको, जड असतोच, वर वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत जातो.

डिझाईन कागदावर नको, गाडीवरच करा. ६ मिमीची सळी घ्या, हातानं वाकवत पुढच्या पत्र्याच्या वळणाला जुळवा, पत्र्यापासून २० मिमी तरी गॅप ठेवा, जाळीसमोर पाईप येऊ देऊ नका कारण रेडिएटरला वारा लागतो, बॉनेट उघडून बघा, नंबर प्लेट कुठं बसणार ते बघा. टोकं मागं मडगार्डकडं वळवून बंद करायची, उघडं टोक रस्त्यावरच्या माणसाला लागतं.

आता वाकवणं. साध्या हायड्रॉलिक बेंडरच्या डाय (पाईप ज्यात बसवून वाकवतात ते साचे) पाण्याच्या पाईपच्या मापाच्या असतात, एक इंची पाईप बाहेरून ३३.७ मिमी आणि सव्वा इंची ४२.४, त्यामुळं ३८ चा पाईप त्यात नीट बसत नाही आणि बेंडला चपटा होतो. ३८ चीच डाय आहे का ते आधी विचारा. नसेल तर वाळू भरून गरम करून वाकवा, फाउंड्रीच्या गावात वाळूला काय तोटा, पण वाळू भाजून पूर्ण कोरडी पायजे, ओल राहिली तर आत वाफ कोंडून टोकाचं बूच गोळीसारखं उडतं. बेंडची त्रिज्या व्यासाच्या तिप्पट, म्हणजे ११५ मिमीच्या खाली नेऊ नका.

सगळ्यात जास्त वेळ ब्रॅकेटला द्या. पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, बॉडीच सगळा भार घेते. म्हणून मूळ बंपरच्या बोल्टचीच भोकं वापरायची, बॉडीला वेल्डिंग करायचं नाही. ४० बाय ५ ची फ्लॅट पट्टी पुरते, भोकं लांबट ठेवा म्हणजे पुढंमागं सेट करता येतं. फॅब्रिकेटर प्रेमानं त्याला त्रिकोणी सपोर्ट मारायला बघतो, मारू देऊ नका! कुठं ठोकली तर आधी ब्रॅकेट वाकला पायजे. ब्रॅकेट शंभर-दोनशेत परत होतो, पण बॉडीचा आतला मेंबर (भार घेणारा पत्र्याचा भाग) वाकला की गाडी जिगवर, म्हणजे बॉडी ओढून सरळ करायच्या सांगाड्यावर घ्यावी लागते, आणि पद्मिनीचे जुने पत्रे आता मिळतात कुठं?

ब्रॅकेट गाडीला आवळून पाईप जागेवर फक्त टॅक करा (वेल्डचे छोटे ठिपके मारा), बॅटरीचं टर्मिनल काढून आणि अर्थिंग पाईपलाच लावून. मग खाली काढून सीओटू नाहीतर आर्गन गॅसच्या वेल्डिंगनं पूर्ण वेल्ड, एकदा डावीकडं एकदा उजवीकडं, नाहीतर ओढ बसते. साध्या रॉडनं १६ गेजला भोकं पडतात.

कायद्याचंही बघा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला राज्यांना कळवलंय. म्हणून बंपर मूळच्या जागीच आणि मूळच्या लाईनीत बसवा, त्याच्या पुढं वर काही लावू नका, आणि आरटीओत एकदा विचारून घ्या. गाडी ५० वर्षांची होऊन व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर बॉडीत बदल चालत नाहीत, सगळं बोल्टवर असेल तर मूळ बंपर परत चढतो, तो गुंडाळून जपा.

शेवटचं टोक बंद करायच्या आधी सगळ्यात खालच्या जागी ५ मिमीचं भोक पाडा, वेल्डिंगची गरम हवा तिथनं जाते आणि नंतर पावसाचं पाणीही. त्याच भोकातनं आत गंजरोधक वॅक्स मारा, पण पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला पावडरचा रंग) झाल्यावरच, आधी मारलं तर भट्टीत वितळून बाहेर येतं आणि तिथं कोटिंग धरत नाही.